अल्याड अकरा, पल्याड बारा

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
हिचं विचारा, हरकत नाही.
वर उत्तरेला एक तळं आहे, त्यात बर्फ, बर्फाखाली अजून बर्फ,
आणि मे महिन्यात एका रात्री
तोफा डागल्यासारखा आवाज करत ते सगळं
आमच्या दारावरून समुद्राकडे जातं.
विचारू नये ते मधल्या रेघेचं.

पाणी जिथे सर्वांत खोल, तिथून म्हणे ती जाते.
कारकून आले होते, दोन राजांचे,
दोरीला शिसं बांधून, होडीतून खोली मोजत.
पण तळ म्हणजे काय कागद आहे?
वाळू सरकते. पाव शतकाने नवे कारकून येतात
आणि कुणाची तरी गवताची पट्टी
सहीसरशी परदेशी होते.
गवताला कळवत नाहीत.

अल्याड स्वीडन, अकरा वाजलेत.
पल्याड फिनलंड, बारा.
मधे तोर्ने नदी, चारशे पावलांची.
नववर्षाचे फटाके आम्ही दोनदा बघतो,
पहिल्यांदा फुकट.

लढाईच्या सालात बाबांच्या मामाने, एइनारीने,
मान्सिक्की नावाची गाय इथून तिकडे नेली,
गोठलेल्या नदीवरून, चारी खुरांना लोकरीचे मोजे,
पाठीवर पांढरी चादर.
पहारेकऱ्याने बघितलं. टोपी नीट केली.
मग दुसरीकडे तोंड करून उभा राहिला,
त्याच्याही घरी दूध हवं होतं.
पुढे शरदात पल्याडचे गोठे पेटले
तेव्हा मान्सिक्की परत आली, मोज्यांशिवाय, होडीतून,
आणि तिच्या मागोमाग माणसं.
सानेल्मा आत्या त्यातलीच. सहा वर्षांची.
छातीशी भिंतीवरचं घड्याळ, लंबक खिशात.
ते इथे कधी लावलंच नाही तिने.
म्हणाली, याला तिकडचं माहीत आहे.

आमच्या भाषेचं नावच ‘आमची भाषा’: मेएनकिएली.
शाळेत तिच्यात पाणी मागितलं
म्हणून बाबांनी अर्धा दिवस लाकडं वाहिली.
आता तेच शब्द रस्त्याच्या पाटीवर आहेत, निळ्यावर पांढरे.
पर्यटक फोटो काढतात.
बाबा गाडी थांबवायला सांगतात, वाचतात,
ओठ हलतात.
मोठ्याने नाही. अजून नाही.

जुलैत इथे रात्र होतच नाही, उजेड नुसता कलंडतो.
खळाळावर लाकडी माच, टोकाला वालफ्रिड,
ऐंशीच्या पुढचा, कंबरेला दोर बांधलेला.
लांब दांड्याचं जाळं बुडवतो, ओढतो, उपसतो,
वाटतं, अख्खं गाव वल्हवतोय वरच्या दिशेला.
जाळ्यात सीका, चांदीचा, कोपरापासून बोटांपर्यंत.
काठावर निखारे, काठीला टोचलेले मासे,
जाडं मीठ, आणि मच्छरांना शिव्या
दोन देशांच्या, तीन भाषांत.

काल फोन आला. आत्या गेली.
“बारा वीसला,” तिची मुलगी म्हणाली.
माझ्या भिंतीवर अकरा वीस.
मी खुर्चीत बसून राहिलो,
काटा बारा वीसवर येईपर्यंत कुणाला सांगितलं नाही.
बाबांनाही नाही.
माहीत होतं मला. तरी पण.

आज वाटे पडले.
रीत जुनी आहे: वालफ्रिड पाठ करून उभा राहतो,
कुणीतरी ढिगाला काठी लावतं,
“हा कुणाचा?”
तो नाव सांगतो, न बघता, न थांबता,
दोन्ही काठांची घरं, एकामागून एक.
सातव्या ढिगाला काठी लागली.
“सानेल्माचा.”

कुणी चुकीची दुरुस्ती केली नाही.
मला वाटतं चूक नव्हतीच ती.
मासे मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले
आणि पुलावर निघालो.
मध्यावर खिशातल्या फोनने
आपणहून एक तास पुढे टाकला.
खाली पाणी, जिथे सर्वांत खोल,
तिथे अगदी गप्प.
पुडक्यातून मीठ ओघळत होतं, पायावर,
थोडं या बाजूला, थोडं